चवदार तळ्याचा ठराव आणि आजची नगरपालिका

महाविद्यालयात इतिहास शिकवताना दरवर्षी मार्च महिन्यात मी महाडच्या सत्याग्रहासाठी एक तास राखून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘सर, ते तळे होते कुणाचे?’’

उत्तर मला ठाऊक होते. तळे नगरपालिकेचे होते. परंतु ते सांगताना माझ्याच ध्यानात आले की, हा मुद्दा मी इतकी वर्षे घाईघाईने ओलांडत आलो आहे. महाडचा सत्याग्रह हा मानवी प्रतिष्ठेचा लढा होता, हे आपण लिहितो, बोलतो, आणि ते खरेच आहे. पण तो एका स्थानिक संस्थेच्या पाणीपुरवठ्याचाही लढा होता. करातून चालणारी सेवा कुणापर्यंत जाते आणि कुणाच्या दारापाशी थांबते, हा तिथला रोकडा प्रश्न होता.

हा प्रश्न आज नव्याने विचारावा लागतो, त्याला कारण आहे. हवामान बदलते आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. उन्हाळे अधिक कडक होत आहेत. यामुळे नगरपालिकांनी आणि महानगरपालिकांनी आपले पाणी, आपली गटारे, आपले दवाखाने, आपली निवारागृहे यांची घडी बदलली पाहिजे, असे सगळीकडे सांगितले जाते. त्यासाठी आराखडे होतात, ठराव होतात. हे आराखडे वाचताना मला महाडचा १९२४ चा ठराव आठवतो. तो इतिहास नीट पाहिल्याशिवाय आजच्या ठरावांची किंमत आपल्याला कळणार नाही, असे माझे मत आहे. म्हणून आधी तो इतिहास.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्यास कळवले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र सरकारची भाषा हुकमाची नव्हती, सल्ल्याची होती. तरीही महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव केला आणि चवदार तळे अस्पृश्यांना खुले झाले. अर्थात कागदावर! सुरबानाना टिपणीसांसारखी थोडी उदार मंडळी महाडात होती म्हणून एवढे तरी झाले. पण तीन वर्षे लोटली तरी त्या तळ्यावर अस्पृश्याची घागर बुडाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. परिषदेसाठी जमलेल्या लोकांना पाणी कोठून द्यायचे? तळे शेजारी, ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि परिषदेला मात्र चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चरित्रकारांनी नोंदवलेला हा तपशील आपण फारसा उच्चारत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. आज टँकरसमोर हंडे घेऊन उभ्या असलेल्या, आणि टँकर आला नाही तर खाजगी गाडीवाल्याला पैसे मोजणाऱ्या आमच्या बायाबापड्यांची वंशावळ त्या चाळीस रुपयांपर्यंत मागे जाते. सेवा ज्याच्यापर्यंत पोचत नाही त्यालाच ती विकत घ्यावी लागते, आणि तीही गरिबाने श्रीमंतापेक्षा चढ्या भावाने.

२० मार्चला बाबासाहेब आपल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अफवा उठवली गेली, परतणाऱ्या लोकांना मारझोड झाली, आणि तळे बाटले म्हणून १०८ घागरींनी, पंचगव्याने त्याची शुद्धी करण्यात आली. पण नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांचा ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याकडे जाण्याला न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आलेला होता. पुढे दावा चालला तो १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्ण वादींचे अपील फेटाळले. ज्या अनादी वहिवाटीचा त्यांनी आधार घेतला होता ती त्यांना सिद्ध करता आली नव्हती. नगरपालिकेने एका बैठकीत दिलेले, दुसऱ्या बैठकीत काढून घेतलेले पाणी मिळवायला सत्याग्रह, मार आणि जवळजवळ दहा वर्षांची कोर्टकचेरी करावी लागली.

या इतिहासातून मी तीन गोष्टी घेतो. एक, स्थानिक संस्थेचा ठराव म्हणजे सेवा नव्हे. दुसरी, जी सेवा बहुमताच्या मर्जीवर दिली जाते ती बहुमताच्या मर्जीने काढूनही घेतली जाते. आणि तिसरी गोष्ट अशी की, सेवेच्या रांगेत जो शेवटी असतो त्याच्या वाट्याला प्रत्येक संकट सर्वांत आधी येते. चांगल्या पावसाच्या वर्षी हे लपून जाते. हवामान बिघडले की उघडे पडते.

आता त्याच महाडकडे पाहू. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी महाडला वळसा घालून जाते. २२ जुलै २०२१ ला आणि त्या रात्री महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांत सबंध वर्षाला जेवढा पडतो त्याच्याशी तुलना व्हावी एवढा! महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. हे काही अचानक उद्भवलेले नव्हते. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली होती. दासगाव हे नाव आंबेडकरी चळवळीला परके नाही. महाडच्या परिषदेसाठी खपलेले रामचंद्र बाबाजी मोरे त्या गावचे. २००५ आणि २०२१ यांच्यामध्ये सोळा वर्षे होती. कोणती वस्ती कोणत्या डोंगराखाली आहे, कोणती गल्ली किती पाण्याला बुडते, हे कळण्यासाठी सोळा वर्षे पुरेशी नव्हती काय?

पूर आणि दरड जात पाहत नाहीत, असे सांगितले जाते. निसर्गापुरते हे खरे आहे. दरडीखाली सर्व जातींची माणसे मेली आहेत. त्यांच्या दुःखाची जातवारी करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु नदी किंवा नाला कुठे वाहतो हे निसर्ग ठरवतो, तर नाल्याच्या काठी कुणी राहायचे हे समाज ठरवतो. आणि पाणी ओसरल्यावर आधी कुणाचा रस्ता धुवायचा, हे नगरपालिका ठरवते.

ही तिसरी गोष्ट मी घरात पाहिलेली आहे. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर पेठेतला गाळ उपसायला त्यांची टोळी लावली. पेठ झाली, बँकांचा रस्ता झाला, देवळाची आळी झाली. आमची वस्ती नाल्याच्या तोंडाशी, सर्वांत आधी बुडणारी आणि सर्वांत शेवटी मोकळी होणारी. तिथला गाळ काढायचा दिवस अकरावा उजाडला. तोवर तात्या दिवसभर दुसऱ्यांच्या दारातला चिखल उपसत आणि रात्री आपल्या घरात चिखलातून वाट काढत जात. हातमोजे आणि गमबूट आले ते पूर ओसरून तीन आठवडे झाल्यावर. मी शिकलेला, चिडलेला. म्हटले, तक्रार करू. तात्या म्हणाले, ‘‘आपली वस्ती यादीत हाय रं. पर यादी वरनं वाचत्यात.’’

नगर प्रशासनावर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. या वाक्यात जे आले आहे ते मला त्यांत सापडले नाही. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली अस्पृश्यांना यादीत घेतले होते.

पुराचे असे, तर दुष्काळाचे काय? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीला दहा डबे होते, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची वस्ती ३,८२,९४० होती. म्हणजे माणशी सव्वा-दीड लिटर! नंतर मोठ्या गाड्या आल्या. पण त्याआधी, मार्च महिन्यात, लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये म्हणून कलम १४४ चा जमावबंदी हुकूम काढण्यात आला होता. पाण्याभोवती मनाईहुकूम! १९२७ च्या डिसेंबरातला मनाईहुकूम वेगळा होता, त्याचे कारण वेगळे होते, हे मी जाणतो. दोन्हींची गल्लत करू नये. पण ज्या व्यवस्थेला पाण्याचे वाटप लावता येत नाही ती माणसांची गर्दी आवरायला धावते, एवढे साम्य नाकारता येणार नाही. आणि ज्याच्या अंगणात बोअरवेल आहे तो टाकीवर जमत नाही. जमतो तो, ज्याच्याकडे हंड्याशिवाय काही नाही.

उन्हाचा प्रश्न याहून मुका आहे. पुराची छायाचित्रे निघतात, उष्माघाताची निघत नाहीत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. नोंद तपासली नसती तर ही माणसे कुणाच्या हिशेबात आली असती? त्यानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. आगाऊ इशारा द्यायचा, दवाखान्यांतल्या लोकांना उष्माघाताचे उपचार शिकवायचे, पाण्याची सोय करायची, पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग द्यायचा. यात दिपून जावे असे काही नाही. यंत्रे नाहीत, कोट्यवधींचे प्रकल्प नाहीत. पण कोण मरते आहे हे आधी मोजले आणि मग सेवा बदलली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या किती नगरपालिकांना सांगता येईल की त्यांच्या हद्दीत पत्र्याची घरे किती आहेत? भर दुपारी झाडू हातात असलेल्या कामगाराच्या कामाची वेळ एप्रिल-मेमध्ये पहाटेकडे सरकवायला कोणता निधी लागतो?

येथे एक आक्षेप येईल. नगरपालिकांकडे पैसा नाही, अधिकार नाहीत, त्यांच्यावर हा भार कशाला? पैशाची अडचण खरी आहे. पण अधिकाराचे म्हणाल तर १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची घटनेत आणली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. त्यांत पाणीपुरवठा पाचवा, आरोग्य व स्वच्छता सहावा, पर्यावरणाचे रक्षण आठवा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण नववा आणि झोपडपट्टी सुधारणा दहावा. हे विषय एकाच पानावर, एकमेकांना खेटून आहेत. बदलत्या हवामानाचा विचार करणारा आराखडा आठव्या विषयाचे नाव घेऊन लिहिला जातो आणि नववा विषय दुसऱ्या कुठल्या तरी विभागाचा समजला जातो. ही फाळणी घटनेने केलेली नाही, आपल्या कारभाराने केली आहे.

अधिकार कागदावर असून भागत नाही, हेही पाहिले पाहिजे. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्याच मार्च महिन्यात मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आराखडा शहराच्या भवितव्याचा, आणि त्यावर जाब विचारायला वस्तीतून निवडून गेलेला एकही माणूस तेव्हा सभागृहात नव्हता! राखीव जागांवरून निवडून येणारे आमचे नगरसेवक किती बोलतात, त्यांना किती बोलू दिले जाते, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण खुर्चीच नसेल तर तो विषयही उरत नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी एक चूक आहे. हवामानाच्या संकटावर उपाय म्हणून जुन्या गावाकडे, जुन्या पाणवठ्यांकडे, पूर्वजांच्या शहाणपणाकडे चला, असा सूर हल्ली ऐकू येतो. जुनी तळी राखावीत, गाळ काढावा, याला माझा विरोध नाही. पण त्या पाणवठ्यांवर कुणाला उभे राहता येत नव्हते, हे विसरून आम्ही त्या गावाचे पोवाडे कसे गावेत? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाच्या उदात्तीकरणाला स्पष्ट विरोध केला तो याच अनुभवातून. आणि पाण्याविषयी ते मागे पाहणारे नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४५ साली दामोदर आणि ओरिसातील नद्यांच्या योजनांवर बोलताना त्यांनी सांगितले की, पुराचे पाणी हे संकट म्हणून समुद्रात लोटायचे नसून संपत्ती म्हणून साठवायचे आहे, त्यातून वीज, सिंचन आणि जलवाहतूक उभी करायची आहे. मोठ्या धरणांमुळे पुढे कोण विस्थापित झाले याचा हिशेब आज आपल्यापाशी आहे, आणि तो मांडलाच पाहिजे. पण पाण्याचा प्रश्न शास्त्राने आणि हक्काने सोडवायचा, दयेने नाही, ही त्यांची दिशा जुनी झालेली नाही.

मग काय करावे? मी अभियंता नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. इतिहासातून निघतात त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, यादी खालून वाचावी. पूररेषेच्या आतली, दरडीखालची, नळाच्या शेवटी असलेली, पत्र्याच्या छपराची वस्ती आधी मोजावी, आणि टँकर, गाळउपसा, फवारणी, औषधे यांचा क्रम तिथून लावावा. टँकर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे रिकामा झाला, याची नोंद वस्तीच्या चौकात फळ्यावर लागावी. गुप्त वहीत लिहिलेली सेवा केव्हाही मागे घेता येते.

दुसरी, निवारा कुठे असेल ते पावसाआधी ठरावे, आणि तो नगरपालिकेच्या शाळेत असावा, कुणाच्या मेहेरबानीच्या जागेत नसावा. संकटात माणसाने उंबऱ्याबाहेर उभे राहून आत येऊ का, असे विचारायची पाळी येऊ नये. वस्ती हलवायचीच असेल तर ती लोकांच्या संमतीने, एकत्र, जागेच्या कागदासह हलवावी. गावाच्या नव्या नकाशात जुने गावकूस पुन्हा आखू नये.

तिसरी, जो संकटाचा चिखल उपसतो त्याचे संरक्षण हा आराखड्याचा पहिला खर्च असावा. गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. पावसाळ्यात तुंबलेल्या चेंबरपाशी त्या कायद्याचे काय होते, हे वस्तीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पाऊस जितका बेभरवशाचा होईल तितकी ही चेंबरे अधिक तुंबतील. म्हणजे हवामानाच्या बदलाची किंमत आमच्याच माणसांनी श्वास कोंडून द्यायची काय?

चौथी गोष्ट पुन्हा बोले यांच्याकडून घेतो. आपला १९२३ चा ठराव स्थानिक संस्था पाळत नाहीत हे पाहून ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी विधिमंडळात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाचा अंमल करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्याची मागणी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या या माणसाला जे कळले ते आजच्या योजनाकारांना कळायला हरकत नाही. २ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रात माझी वसुंधरा अभियान चालू झाले. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर स्थानिक संस्थांना गुण देण्याची पद्धत घातली गेली. गुण द्या, बक्षिसेही द्या. पण शेवटच्या वस्तीला माणशी किती पाणी मिळाले, उन्हाळ्यात किती मृत्यू झाले, सफाई कामगाराला साधने मिळाली की नाही, हे रकाने त्या गुणपत्रिकेत सर्वांत वर हवेत, आणि ते रिकामे असतील तर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबला पाहिजे.

हे आपोआप होणार नाही. १९२४ चा ठराव तीन वर्षे दप्तरात पडून होता तो कुणी दुष्ट होता म्हणून नव्हे, तर तो अमलात आणा असे म्हणणारे पाऊल तळ्याच्या पायरीवर पडले नव्हते म्हणून. आपल्या तरुणांनी २० मार्चला महाडला जरूर जावे. पण परत आल्यावर आपापल्या नगरपालिकेत जाऊन पुराचा आराखडा मागावा, त्यातली वस्त्यांची यादी वाचावी, आणि आपली वस्ती कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे.

त्या मुलीला मी त्या दिवशी एवढेच सांगितले की, तळे नगरपालिकेचे होते. नंतर मी तिला तिच्या गावच्या नगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा नकाशा मिळवून आणायला सांगितले. तिने अर्ज केला आहे. नकाशा अजून मिळालेला नाही.